पानाची मांडणी आणि छायाचित्राची चौकट
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छायाचित्रणावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा भिंगांची आणि यंत्रांची चर्चा आपणांस अपेक्षित असावी अशी आम्हांस शंका आली. ती चर्चा आम्ही टाळणार आहोत. यंत्र आता ज्याच्या त्याच्या खिशात आहे. उणीव आहे ती पाहण्याच्या सवयीची. ती सवय रोजच्या व्यवहारात, प्रसंगी कॅमेऱ्यावाचूनही कशी लावून घेता येईल, एवढाच आमचा विषय.

चौकटीत काय ठेवावे, कोठे ठेवावे आणि काय वगळावे, या निर्णयाला रचना म्हणतात. आपल्या घरांत हा निर्णय पंगतीच्या पानावर पिढ्यानुपिढ्या होत आला आहे. वरच्या कडेला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद. मीठ चिमूटभर, पण त्याची जागा ठरलेली. आणि पानाचा मोकळा भाग वाढणारा उगाच भरून टाकीत नाही. छायाचित्रात मात्र आपल्याला मोकळी जागा सोसवत नाही, हे नवल आहे. आकाश दिसले की तेथे कोणालातरी उभे करायचेच!

चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग कल्पून मुख्य वस्तू त्या रेषांच्या छेदावर ठेवावी, हा नियम आपण ऐकला असेल. ‘तृतीयांशाचा नियम’ हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना वापरले. छायाचित्रणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. म्हणजे हा नियम यंत्राचा नव्हे, नजरेचा. एका जुन्या पोस्टकार्डात आगपेटीएवढी आयताकृती खिडकी कापावी आणि एक डोळा मिटून तिच्यातून घर न्याहाळावे. कार्ड डोळ्याजवळ धरले तर सारी खोली दिसते, हात लांब केला तर नुसते तुळशीवृंदावन. वृंदावन मधोमध न ठेवता थोडे बाजूला सारून पाहावे. कधी ते मधोमधच शोभते. मग नियम खुशाल मोडावा.

उजेडाचा अभ्यास याहून सोपा. खिडकीशी तांदूळ निवडीत बसलेल्या आजीकडे सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहावे. उजेड बाजूने आला की चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती बोलू लागते. ती खिडकीकडे पाठ करून बसली तर चेहरा काळवंडतो. आणि आजीचे चित्र घ्यायचे तर आपणही जमिनीवर बसावे. उभ्याने घेतले, तर तिचा केवळ अंबाडा दिसतो.

आपल्या या बडोद्यातच एके काळी आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा तयार होत असे. त्याच्या एका फिल्मवर बारा चित्रे येत. बारा संपली की खर्च आलाच; म्हणून माणूस कळ दाबण्याआधी चारही कोपरे पाहून घेई. आज तो धाक उरलेला नाही. आठवड्यातून एक दिवस ‘आज बाराच’ असे स्वतःला बजावून पाहा.

कोपऱ्यांइतकीच महत्त्वाची पार्श्वभूमी. होमाई व्यारावाला या आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या बडोद्यात राहत होत्या आणि येथेच २०१२ साली निवर्तल्या. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात पालम विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत आणि शेजारीच ‘छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई’ असा फलक आहे. फलक चौकटीबाहेर राहिला असता तर ते नेहरूंच्या असंख्य चित्रांपैकी एक ठरले असते. आपण मात्र बहुधा नेमके उलटे करतो. मागचा दिव्याचा खांब डोक्यातून उगवलेला आपल्याला घरी आल्यावर दिसतो.

आता थोडे मंडळाविषयी. या ग्रंथासाठी पन्नास वर्षांची छायाचित्रे आम्ही चाळली. हार, श्रीफळ, व्यासपीठ आणि फलक यांना तोटा नाही. फलकावरचे पूर्ण नाव यावे म्हणून छायाचित्रकार इतका मागे सरलेला, की माणसांचे चेहरे तांदळाएवढे झाले आहेत. शिवाय ते नाव अल्बमच्या पुठ्ठ्यावर आहेच! पण गणेशोत्सवात पहाटेपासून मोदकांची उकड काढणाऱ्या भगिनी, विंगेत पुस्तक धरून बसलेले पार्श्वसूचक, सतरंज्या झटकणारी मुले यांचे एकही चित्र आम्हांस सापडले नाही. त्यांतील कित्येक जण आता हयात नाहीत. आमच्या मते मंडळ त्यांनीच चालविले. आणि चौकटीबाहेर राहिले तेही तेच.

तेव्हा आजच्या भोजनाच्या वेळी आपल्यापैकी काहींनी व्यासपीठाकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहावे. दाराची चौकट आयतीच मिळेल आणि खिडकीचा उजेडही बाजूने येतो. दोन पावले पुढे जावे, कोपरे पाहावेत, वाढणारीने मान वर करीपर्यंत थांबावे. चित्र छापून घेतल्यावर मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे आणि तारीख लिहावी. शाई कधी कधी पुढच्या बाजूला उमटते.