दफनातील दगड : वस्तू आणि तिची जागा



आज एकच मुद्दा मांडतो. दफनात ठेवलेल्या दगडी वस्तूचा निम्मा अर्थ कोरीवकामात असतो, उरलेला निम्मा ती मृताजवळ कुठे ठेवली होती यात असतो. प्राचीन मध्य अमेरिकेत हे फार ठळकपणे दिसते.

कोस्टा रिकाच्या निकोया भागात सुमारे इ.स.पू. 500 पासून हजारेक वर्षे मृतांबरोबर जेडची पदके पुरली जात. वरच्या भागात पक्षी किंवा माणूस, खाली कुऱ्हाडीचे पाते. जेड येई दूरच्या ग्वाटेमालातील मोतागुआ खोऱ्यातून. धातूची हत्यारे नसताना दोरी, वाळू आणि पाणी वापरून हा कठीण दगड कापत. एवढे कष्ट घेऊनही कारागिराने पात्याचा आकार सोडला नाही. कुऱ्हाडीने जंगल तोडले की मक्याचे शेत उभे राही. त्या सामर्थ्याचा मान पदकाने मृताच्या अंगावर चढवला, असे मला वाटते.

तिथल्या दफनांत ‘मेताते’ही सापडतात. आपल्या पाट्यासारखे, पण तीन पायांचे, ज्वालामुखीच्या दगडातून कोरलेले. कडेला जॅग्वार, मगर, पक्षी. काही अभ्यासक त्यांना प्रमुखाचे आसन मानतात. दळण्याचे साधन आणि सत्तेचे आसन हे अर्थ एकत्र नांदू शकतात. लोकांच्या अन्नाची जबाबदारी घेणाऱ्याकडेच अधिकार जात असेल.

आता माया प्रदेशाकडे वळू. 1952 मध्ये आल्बेर्तो रुस यांनी मेक्सिकोतील पालेंके येथे पाकाल राजाची शवपेटी उघडली. त्याच्या तोंडात जेडचा मणी होता, एका हातात जेडचा घन, दुसऱ्यात गोल. सोळाव्या शतकात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने नोंदवले आहे की, माया लोक मृताच्या तोंडात दळलेला मका आणि चलनाचे मणी ठेवत; परलोकात त्याची उपासमार होऊ नये म्हणून. तोच मणी गळ्यात असता तर आपण त्याला दागिना म्हटले असते. तोंडात होता, म्हणून तो शिदोरी ठरतो.

ही जागा हरवते कशी, तेही पाहू. 1871 नंतर कोस्टा रिकात रेल्वे बांधताना कॅरिबियन बाजूची कित्येक दफने उकरली गेली. मायनर कीथ या रेल्वे-उद्योजकाने हजारो वस्तू जमवल्या. त्यांतल्या पुष्कळ वस्तू कोणत्या मृताबरोबर होत्या, हे आता सांगता येत नाही. त्याच काळात स्वीडनचे कार्ल हार्टमन यांनी एकेका दफनाचा आराखडा काढला आणि वस्तूंची मांडणी नोंदवली. 1903 मध्ये निकोयातील लास वाकास येथेही त्यांनी उत्खनन केले. त्या दफनभूमीतल्या मेतातेंवर आज आपण विधीच्या अंगाने बोलू शकतो, ते या नोंदींमुळे.

तरुण सहकाऱ्यांनो, वस्तू देखणी असली की हात लवकर पुढे जातो. तो आवरा. आधी मोजमाप, रेखाटन, छायाचित्र; मगच वस्तू उचला. आणि उत्खननाचा अहवाल वेळेत प्रसिद्ध करा. पुरणाऱ्यांनी ती वस्तू विचारपूर्वक तिथे ठेवली होती. त्या विचाराची नोंद ठेवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.