मातृत्वाचें वय

१९२१ सालीं प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, त्या वेळीं या विषयाचा नुसता उच्चारहि सभ्य घरांत निषिद्ध होता. १९२७ मध्यें त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. या कार्यापायीं नोकरी सोडावी लागली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ सालीं मुंबई विधिमंडळांत आंबेडकरांच्या पक्षातर्फें संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तोहि बहुमतानें फेटाळला गेला. परंतु ज्या गोष्टीला विधिमंडळानें नकार दिला, ती अवघ्या चौदा वर्षांत स्वतंत्र भारताचें धोरण झाली. १९५२ सालीं कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हातीं घेणारा भारत हा जगांतील पहिला देश ठरला.

त्या प्रयत्नांचें फळ आंकड्यांत स्पष्ट दिसतें. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतीय स्त्रीला सरासरीनें सुमारें सहा मुलें होत. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ही सरासरी ३.४ आढळली, आणि २०१९-२१ च्या पाहणींत ती २.० वर आली. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीनें भरून काढण्यास २.१ पुरे होतात, असें लोकसंख्याशास्त्र मानतें. महाराष्ट्राची सरासरी या पाहणींत १.७ आणि गोव्याची १.३ होती, बिहारची मात्र ३.० होती. लोकसंख्येच्या स्फोटाची जी भीति घरोघर बोलली जाई, तिला आतां पूर्वीइतका आधार राहिलेला नाहीं.

पण मुलें किती, एवढ्यानेंच कुटुंबनियोजन संपत नाहीं. पहिलें मूल आईच्या कोणत्या वयांत होतें, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आणि त्याचें उत्तर तितकें समाधानकारक नाहीं. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींचें प्रमाण २००५-०६ सालीं शेंकडा १६ होतें, २०१५-१६ मध्यें ७.९ झालें आणि २०१९-२१ मध्यें ६.८. पहिल्या दहा वर्षांत तें निम्म्यावर आलें, नंतर उतरण मंदावली. शेंकडा सात हा आंकडा लहान वाटेल. परंतु या वयाच्या मुली देशांत पांच कोटींहून अधिक आहेत, आणि म्हणून हा लहानसा आंकडा पस्तीस लाखांहून अधिक मुलींचा आहे.

येथें एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. जेथें कुटुंब लहान झालें, तेथें मातृत्वहि लांबणीवर पडलें असेल, असा सामान्य समज आहे. पश्चिम बंगालची सरासरी १.६ म्हणजे महाराष्ट्राहूनहि कमी. तरीहि तेथें किशोरवयीन मातृत्वाचें प्रमाण शेंकडा १६.४ आढळलें. त्रिपुरांत सरासरी १.७ आणि हें प्रमाण २१.९. आंध्र प्रदेशांतहि सरासरी १.७ च, पण प्रमाण १२.६. खुद्द महाराष्ट्रांत तें ७.६ होतें, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षां अधिकच. याचा अर्थ असा कीं, सतराव्या-अठराव्या वर्षीं लग्न, लागलीच एक-दोन मुलें, आणि विशी ओलांडतांच शस्त्रक्रिया, असा क्रम अनेक ठिकाणीं रूढ झाला आहे. कुटुंब लहान झालें, पण मुलीचें तारुण्य तिच्या हातीं आलें नाहीं.

भारतांत किशोरवयीन मातृत्व हें बहुतांशीं विवाहांतर्गत आहे, आणि म्हणून त्याचें मूळ बालविवाहांत आहे. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. अकराव्या वर्षीं विवाह झालेल्या रखमाबाईंनीं नांदावयास जाण्यास नकार दिला, आणि १८८४ पासून मुंबईंत चाललेल्या त्यांच्या खटल्यानें सारा देश ढवळून निघाला. पुढें त्या इंग्लंडांत शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ च्या कायद्यानें संमतिवय दहावरून बारा झालें. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें, १९४९ मध्यें तें पंधरा व १९७८ मध्यें अठरा झालें. २००६ सालीं बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा झाला. कायद्यानें सव्वाशे वर्षांत लांबचा पल्ला गांठला. तरीहि २०१९-२१ मध्यें वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २३ स्त्रियांचा विवाह अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेला होता. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा २२ च्या घरांत, तर परभणी आणि बीड जिल्ह्यांत चाळिसाच्याहि वर होतें.

या आंकड्यांमागें केवळ अज्ञान आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. मुकादम जी उचल देतो ती 'कोयत्या'वर. आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या तरुणाला अर्धी उचल, लग्न झालें कीं पुरी. इकडे मुलीच्या आईबापांपुढें वेगळाच पेंच असतो. वयांत आलेल्या मुलीला गांवांत एकटी ठेववत नाहीं, आणि फडावरच्या उघड्या खोपटांतहि तिच्या सुरक्षिततेची खात्री वाटत नाहीं. अशा वेळीं लग्न हाच मार्ग त्यांना जबाबदारीचा वाटतो. हंगामांत मुलींसाठीं गांवांतच चांगलें वसतिगृह मिळालें, तर त्या मार्गाची गरज पुष्कळ कमी होईल.

या घाईची किंमत मुलीचें शरीर देतें. कोंवळ्या वयांत कटीची हाडें पुरतीं वाढलेलीं नसल्यास प्रसूति अडण्याचा संभव असतो. गरोदरपणीं रक्तदाब वाढून झटके येणें, प्रसूतीनंतर जंतुसंसर्ग होणें, हे धोके विशीनंतरच्या मातेपेक्षां या मातेला अधिक असतात. तिचें मूल अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें जन्मण्याचा संभवहि अधिक. २०१९-२१ च्या पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुली रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. स्वतःच्या वाढीलाच जिचें रक्त पुरत नाहीं, तिच्यावर दुसऱ्या जिवाचा भार पडतो.

सरकारी कार्यक्रमाचें स्वरूपहि या ठिकाणीं अपुरें पडलें. १९७६-७७ या एका वर्षांत ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत सक्तीच्या पुष्कळ होत्या. त्या धसक्यानें पुरुषांनीं पाठ फिरविली आणि सारा भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ मध्यें विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३८ स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचें प्रमाण शेंकडा ०.३ होतें. पण शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय होय. जिला पहिलें मूल लांबवावयाचें आहे, अशा नववधूच्या तो काय कामाचा? तिच्यासाठीं निरोध आहे, गोळ्या आहेत, तांबी आहे. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत तीन महिन्यांनीं घ्यावयाचें 'अंतरा' इंजेक्शन आणि लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेंत विकसित झालेली 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळीहि मिळूं लागली. साधनें आहेत, पण वर्षाच्या आंत पाळणा हलला नाहीं तर सासरीं कुजबूज सुरू होते, आणि त्या कुजबुजीपुढें नववधूला तीं साधनें मागण्याचा धीर होत नाहीं. म्हणून आशा कार्यकर्तीनें लग्नानंतर दोन वर्षें मूल लांबविण्याविषयीं बोलावयाचें तें नववधूशीं, तसेंच तिच्या नवऱ्याशीं आणि सासूशींहि.

याहून मोठा उपाय शाळा हा आहे. त्याच पाहणींत शाळेचें तोंड न पाहिलेल्या किशोरींपैकीं शेंकडा १८ जणी आई झालेल्या वा होणार असलेल्या आढळल्या. बारा किंवा अधिक वर्षें शिकलेल्यांत हें प्रमाण ४ होतें. लग्नामुळें शाळा सुटते, हें खरें; पण शाळा सुटल्यामुळें लग्न जवळ येतें, हेंहि तितकेंच खरें. बिहार सरकारनें २००६ पासून नववींतील मुलींना सायकली देण्यास आरंभ केला आणि माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या लक्षांत येण्याजोगी वाढली. शाळा दूर असली कीं मुलीचें शिक्षण थांबतें, सायकल, एस्. टी. आणि शाळेंतील स्वच्छतागृह या साध्या गोष्टींचें मोल येथें उपदेशाहून अधिक आहे.

अविवाहित मुलीची स्थिति अधिक कठीण असते. २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीशीं संबंध हा गुन्हा ठरविला आणि त्याची माहिती पोलिसांस देणें बंधनकारक केलें. हेतु रक्षणाचा; पण पोलिसांच्या भीतीनें मुली दवाखान्याची पायरी चढत नाहींत व भलत्या हातीं पडतात. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, गर्भपातासाठीं आलेल्या अल्पवयीन मुलीनें व तिच्या पालकांनीं विनंती केल्यास डॉक्टरानें त्या माहितींत तिचें नांव व ओळख देण्याची आवश्यकता नाहीं. ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असावी. महाराष्ट्रांत शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठीं 'मैत्री' नांवाचीं सल्लाकेंद्रें सुरू करण्यांत आलीं, त्यांचाहि उपयोग व्हावा.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हा प्रश्न दूरचा वाटतो. परंतु तो रोज त्यांच्या दारांतून आंत येतो. धुणींभांडीं करणाऱ्या बाईची मुलगी दहावीनंतर काय करते, याची चौकशी किती घरीं होते? पुढच्या दोन वर्षांची फी, चार पुस्तकें, आणि 'एवढ्यांत लग्न नको' असा आपुलकीचा एक शब्द, यांनीं एका मुलीचें आयुष्य बदलूं शकतें. लग्न ठरल्याचें कानीं आलें, तर १०९८ या क्रमांकावर कळवितां येतें. आणि घरच्या मुलामुलींनाहि शरीरधर्माची खरी माहिती आईबापांकडूनच मिळावी. ती देण्यास आईबाप संकोचले, तर मुलें ती इतरांकडून मिळवितात, आणि ती बहुधा खोटी असते. कर्वे यांचें सारें आयुष्य या संकोचाशीं झगडण्यांत गेलें. कायदे झाले, साधनें निघालीं, आंकडे उतरले. तो संकोच घालविण्याचें काम मात्र कोणतेंहि विधिमंडळ करूं शकत नाहीं. तें घरांतच करावयाचें आहे.