घराची सवय, माणसाचं वजन



गुडघे दुखतात म्हणून चालणं होत नाही, चालणं होत नाही म्हणून वजन वाढतं आणि वजन वाढलं की गुडघे आणखी दुखतात. त्यात कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, कुणाला थायरॉइड. ‘आता कसलं वजन उतरतंय!’ म्हणत माणूस हात टेकतो. मला आज त्याच माणसाशी बोलायचं आहे.

उतरवायचं किती? २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतक्या व्यायामाचं उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे सुमारे साडेपाच किलो. वर्षभरात एवढं जमू शकतं. गुडघ्यालाही त्याचा लाभ आहे. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

बारीक दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे, की सडपातळ भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते. म्हणून कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

महाड-पोलादपूरचे आपले वाडवडील डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवत, चढउतार पायी करत. आता दारात रिक्षा येते, ताटात भाताचा डोंगर असतो आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, सोबत बिस्किटं. तेव्हा सुरुवात इथूनच करू. चहातली साखर अर्ध्यावर आणा. भात एक वाटी कमी करून कुळथाचं पिठलं, टाकळा-कुर्डूची भाजी वाढा. एक सवय अंगवळणी पडली की मगच दुसरी धरा. गुडघे दुखत असतील तर घाट चढू नका, सपाटीवर दहा मिनिटं चाला. पावसाळ्यात पडवीत फेऱ्या मारा. खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायामही उपयोगी आहे. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका. रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

नोंद ठेवण्याचं मोल महाडला वेगळं सांगायला नको. इथल्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब टिपून ठेवले आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला. आठवड्यातून एकदा वजन वहीत लिहा. एखाद्या आठवड्यात काटा वर गेला तरी वही बंद करू नका.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. ज्या घरात सासूसाठी वेगळी भाकरी थापावी लागते आणि सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं संपवते, तिथे पथ्य महिनाभरही टिकत नाही. आजारी माणसाचं ताट वेगळं करू नका. घराचंच ताट बदला. पुरुषांनो, ही जबाबदारी तुमचीही आहे. बाजारातून पिशवीत काय येतं ते बहुतेक वेळा तुम्ही ठरवता. उद्याच्या पिशवीत फरसाण कमी आणि नाचणीचं पीठ जास्त येऊ द्या, एवढीच माझी विनंती आहे.