धातूच्या पोटातील खिळे



धातू वाकतो म्हणजे त्याच्या पोटात काय होते, हे आम्हाला कारखान्यात कोणी सांगितले नाही. ते आम्ही उशिरा, पुस्तकांतून शिकलो.

आपण बसला आहात ते जाजमच घ्या. सबंध ओढायचे तर चार गडी लागतील. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत नेली, तर एखादे पोरही ते सरकवील. धातूतील अणूंचे थर असेच सरकतात. अशा सुरकुत्या धातूत असतात, हे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळे मांडले.

आता जाजमाला जागोजाग खिळे ठोका. सुरकुती अडते, दोन खिळ्यांमध्ये धनुष्यासारखी वाकते आणि प्रत्येक खिळ्याभोवती एक वेढा मागे टाकून कशीबशी निसटते. हा हिशेब ओरोवान यांनी १९४८ साली मांडला. खिळे जितके जवळ, तितका धातू कणखर. म्हणून तेवढीच भर खड्यांऐवजी पिठासारखी विखुरलेली बरी.

धातू मुळात स्फटिकांच्या दाण्यांचा बनलेला असतो. हे दाणे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाहून लहान केले, तर तो फार कठीण होतो. पण तापला की दाणे एकमेकांत मिसळून वाढतात आणि कमावलेले सारे जाते. दाण्यांच्या बांधावर बसलेले ऑक्साइडचे कण बांध सरकू देत नाहीत. एवढ्या लहान दाण्यात सुरकुतीला वावच थोडा. तेव्हा आमच्या मते कणांचे खरे मोल या राखणीत आहे.

१९६२ साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीने निकेलमध्ये शेकडा दोन थोरिया घालून भारी उष्णता सोसणारा धातू आणला. थोरियम किरणोत्सारी, पुढे यिट्रिया वापरू लागले. १९७० साली बेंजामिन यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीत धातूची भुकटी आणि हे कण पोलादी गोळ्यांबरोबर तासन् तास कुटतात. कण आत रुतत जातात.

असा धातू कठीण खरा, पण बहुधा ताण बसला की फारसा न वाकता तुटतो. क्रेनच्या हुकाला तो आम्ही लावू देणार नाही. हूक आधी वाकला, तर खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळतो.

आणि ती भुकटी! अॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडाली, तर एका ठिणगीने स्फोट होतो. श्वासाबरोबर ती छातीत जाते ते वेगळेच. पिंप उघडण्यापूर्वी निवू द्यावे आणि धूळ ओढणारी नळी चालू असावी, एवढे तरी कामगारांनी मागणीपत्रात लिहून घ्यावे.