बसलेल्या आठ जणांकडे पाहा



१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तुम्हा प्रशिक्षकांसारखेच त्या रात्री माझेही डोळे भरून आले. आज मात्र मला त्या चषकाच्या फार आधी, निवड चाचणीच्या मैदानावर, जे घडतं त्याबद्दल बोलायचं आहे.

निवड समितीवर बसलं की हातात गुणपत्रक येतं. कोण किती मिनिटं पळाला, कोणी किती गडी टिपले. सूर मारून गडी टिपणाऱ्याचं नाव त्यात येतं. त्याला नेमक्या क्षणी खो देणाऱ्याचं येत नाही. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. म्हणजे गडी खरा कोंडला जातो तो एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या आठ जणांमुळे. खो लवकर दिला तर पळणारा सावध होतो, उशीर झाला तर तो निसटतो. बसलेल्याची नजर गड्यावर आहे का, खो मिळताच तो एका झेपेत उठतो का, खांबाजवळचा भिडू जागा आहे का, हे पाहायला सामना बाजूला बसून पाहावा लागतो.

मी स्वतः एकदा चुकलो. एका चाचणीत एकच गडी टिपला म्हणून एक मुलगा मी गाळला. नंतर त्याच सामन्याचं चित्रीकरण पाहिलं, तेव्हा त्याच्या खोवर इतरांनी चार गडी टिपलेले दिसले. तोवर संघ जाहीर झाला होता. तेव्हापासून मी चाचणीत एका सहकाऱ्याला फक्त बसलेल्यांच्या नोंदीसाठी नेमतो. तुम्हीही नेमा.

दुसरी गोष्ट मॅटची. आपली पोरं मातीत वाढतात, अनेक जण अनवाणी. मोठे सामने मॅटवर होतात. मातीत पाय थोडा घसरतो, त्या घसरण्यावरच हुलकावणी उभी असते. मॅटवर बूट धरून ठेवतो आणि वळण गुडघ्यावर येतं. पहिल्याच दिवशी मॅटवर अडखळलेल्या मुलीला गाळणं अन्याय आहे. आधी आठ दिवस सराव द्या, मग चाचणी घ्या. वेळेचंही तसंच. आपल्या नेहमीच्या स्पर्धांत डाव नऊ मिनिटांचा, विश्वचषकात सात मिनिटांचे चार डाव. तिथे तिघांच्या तुकडीतला शेवटचा गडी किती दम राखून खेळतो, यावर सामना फिरतो.

आपला खेळ आजही बहुतांशी हौशी आहे. फार थोड्यांना रेल्वे किंवा विमानतळ प्राधिकरणात नोकरी मिळते. बाकीच्यांना शिबिरासाठी रजा, शेतातलं काम, भाड्याचे पैसे यांचा विचार करावा लागतो. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अशी गुणी मुलगी तालुक्याच्या मैदानावर दिसली की या अडचणींबद्दल तिच्या घरी जाऊन बोलणं, हेही प्रशिक्षकाचं कामच आहे. मी तर म्हणेन, पहिलं काम.

माझी शेवटची मागणी आहे. चाचणीनंतर गाळलेल्या प्रत्येक खेळाडूला कारण लेखी द्या: कुठे कमी पडलास, काय सुधारायचंस. चार ओळी पुरतात. येत्या जिल्हा चाचणीपासून हे सुरू करा. निदान आपल्या राज्यात तरी ते कागद पोरांच्या हाती पडू द्या.