मॉरिशसचा पोपट आणि वटवाघूळ

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर पूर्वी पोपटांच्या एकाहून अधिक जाती नांदत होत्या; आज मूळचा असा एकच हिरवा पोपट उरला आहे. आपल्या राघूचाच तो जवळचा आप्त. फलाहारी वटवाघळांचेंही तसेंच झालें. धाकटी जात एकोणिसाव्या शतकांत नामशेष झाली, थोरली राहिली.

परंतु या दोन शेजाऱ्यांचें दैव एक नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत पोपटांची ज्ञात संख्या दहा-बारांवर येऊन ठेपली, तेव्हां मनुष्यास दया आली. झाडांवर घरट्यांच्या पेट्या बांधल्या, खाद्य ठेविलें, पिलें हातानें वाढविलीं. आतां त्यांची गणना शेंकड्यांनीं होते. वटवाघळाच्या वाट्यास मात्र बंदूक आली! लिची व आंबा यांच्या बागाईतदारांच्या तक्रारींवरून सरकारनें २०१५ सालीं तीस हजारांवर वटवाघळें मारविलीं. पुढील वर्षीं पुन्हा तोच प्रकार.

वास्तविक पोपट हा कांहीं रानाचा मोठा हितकर्ता नव्हे. तो चोचीनें बी फोडून खातो, म्हणजे होणारा वृक्षच गिळतो. वटवाघूळ रस चोखून चोथा थुंकतें आणि गिळलेल्या बारीक बिया दूरवर टाकीत जातें. डोडो गेला, मोठीं कांसवें गेलीं. ज्या रानांतील ढोलींत पोपट अंडीं घालतो, त्या रानाचें बीं पेरणारें मोठें जनावर आतां हेंच.

बागाईतदारांचें नुकसान खोटें नाहीं. पण जाळीनें झाकलेलें झाड पुष्कळसें वांचतें, आणि अशा जाळ्यांसाठीं सरकारी साहाय्यही देण्यांत आलें आहे.