प्रयोगशाळेचा हिशेब

(तालुक्याच्या गावी भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा माणूस. खडू आणि फळा यांपलीकडे माझ्या विषयाला साधन लागले नाही. तरीही आज मी विज्ञानाच्या प्राध्यापकाविषयी बोलणार आहे. लहान गावातल्या महाविद्यालयात पस्तीसहून अधिक वर्षे मी पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाच्या शेजारी काढली. श्रमाचे मोल कसे ठरते आणि कसे नाकारले जाते, हे मला माझ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा त्यांच्या प्रयोगशाळेत अधिक कळले.

आम्ही दोघे १९८२ च्या जूनमध्ये एकाच दिवशी रुजू झालो. विज्ञान शाखा नुकतीच निघाली होती आणि प्रयोगशाळा होती पत्र्याच्या एका जुन्या गोदामात. विजेचा भरवसा नसे. सोडियमचा दिवा नीट प्रकाशमान व्हायला दहाएक मिनिटे घेतो. तेवढ्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सर विजेच्या वेळा पाहून प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक लावीत. कधी सकाळी सातला, कधी सायंकाळी सहानंतर. बिघडलेला गॅल्व्हानोमीटर दुरुस्तीला शहरात पाठवायचा तर महिना जाई. तेव्हा गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बसून त्यांनी सोल्डरिंग शिकून घेतले. दिवाळीच्या सुटीत आम्ही गावी जात असू. ते भिंगे पुसत आणि तारा बदलत. या कामाची नोंद कोणत्याही कार्यभार-तक्त्यात नव्हती.

एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षाच्या वर्गाला लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढायचे होते. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे, हे पुस्तकात छापलेलेच असते. त्यामुळे बहुतेकांच्या जर्नलमध्ये ते तसेच आले. एका शेतमजुराच्या मुलीचे उत्तर आले १०.९. ती रडवेली झाली. पण आकडा मात्र तिने खोडला नाही. सरांनी तिला रागे भरले नाही, की चूक दाखवूनही दिली नाही. ‘पुन्हा मोज, आणि मोठ्याने मोज,’ एवढेच म्हणाले. तिने लंबक सोडला आणि सोडताक्षणीच ‘एक’ म्हटले. चूक तिथेच होती. सुरुवात शून्याने करायला हवी. वीस म्हणून मोजलेली आंदोलने प्रत्यक्षात एकोणीसच भरत होती. हे तिचे तिलाच उमगले. त्या दिवशी सरांनी साऱ्या वर्गाला सांगितले की ९.८ लिहिणाऱ्या जर्नलांपेक्षा ही १०.९ ची वही विज्ञानाच्या अधिक जवळ आहे.

मित्रहो, या प्रसंगाला पाऊण तास लागला. तो पाऊण तास कुणी द्यायचा, हा माझा आजचा प्रश्न आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या नियमावलींनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा धरला आहे आणि त्यांपैकी सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे. याचा अर्थ, उरलेले २४ तास तयारी, वाचन, संशोधन आणि विद्यार्थी यांसाठी आवश्यक आहेत, हे शासनमान्य तत्त्व आहे. आता तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडे पाहा. त्याला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासापुरता. ते २४ तास त्याच्या बाबतीत अस्तित्वातच नसतात. सुटी आली की उत्पन्न थांबते, जून आला की नेमणुकीची वाट पाहणे सुरू होते. पोटासाठी तो दोन-दोन महाविद्यालये गाठतो. घड्याळाकडे पाहत एस.टी. पकडायला निघालेल्या माणसाने त्या मुलीला ‘पुन्हा मोज’ कसे म्हणावे? तोही मग ९.८ वर सही करतो. दोष त्याचा नाही. तो अनेकदा आमच्यापेक्षा अधिक शिकलेला असतो.

ही विषमता नवी नाही. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले, तेव्हा भारतीय म्हणून त्यांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेले, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्यातही कपात केली गेली. त्यांनी तीन वर्षे शिकवले, पण ते वेतन स्वीकारले नाही. अखेर सरकारला पूर्ण वेतन थकबाकीसह द्यावे लागले. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब सरकारच्या खटल्यात निर्वाळा दिला की समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. तत्त्व मान्य झाले; महाविद्यालयांच्या दारात मात्र ते अजून उभेच आहे.

येथे आम्हां प्राध्यापकांनी आपल्याही पदराकडे पाहिले पाहिजे. आम्ही वेतनश्रेणीसाठी लढलो, मोर्चे काढले, आणि आमच्या मागण्या गैर नव्हत्या. परंतु शेजारच्या वर्गात तासावर शिकवणारा तरुण आमच्या मागणीपत्रात शेवटच्या कलमात असे, आणि तडजोडीच्या वेळी ते कलम प्रथम गळे. मी स्वतः अशा बैठकांना हजर होतो आणि गप्प बसलो होतो. ‘प्राध्यापकांना काम थोडे आणि पगार फार’ असे लोक म्हणतात तेव्हा आम्हांला राग येतो. पण आमचेच काम अल्प मोबदल्यात करणारा वर्ग आमच्या डोळ्यांदेखत तयार झाला, याचा राग आम्हांला तितकासा आला नाही.

सर २०१८ मध्ये निवृत्त झाले. आदल्याच वर्षी राज्य शासनाने पदभरतीवर निर्बंध घातले होते. पुढे काही पदांना टप्प्याटप्प्याने परवानगी मिळाली, पण त्यांची जागा त्यांत आली नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघे प्रयोगशाळेत गेलो. आता इमारत पक्की आहे, वीजही आहे. जडवस्तू संग्रह नोंदवही काढून पाहिली. प्रत्येक उपकरण नोंदीप्रमाणे जागेवर होते. लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा नव्हती. सरांनी तीन उपकरणे सुरू करून पाहिली. एकही चालले नाही. ते काही बोलले नाहीत. खिशातला रुमाल काढून एका भिंगावरची धूळ पुसत राहिले.

अर्थशास्त्र सांगते की यंत्र हे भांडवल आहे. मी म्हणेन, ते चालवणारा, जपणारा माणूस टिकून असेल तोवरच ते भांडवल. एरवी ती मोडच. पगारात केलेली बचत आपण अशा रीतीने कपाटात गंजवीत आहोत. सधन घरातील मुलगा शहरात जाईल, महागडी शिकवणी लावील. शेतमजुराच्या मुलीला उपकरणाला हात लावण्याची जागा या गावात एकच आहे.

म्हणून पालकहो, पुढच्या खेपेला महाविद्यालयात जाल तेव्हा इमारत पाहून परत फिरू नका. विज्ञानाच्या प्रत्येक विषयाला पूर्णवेळ शिक्षक आणि प्रयोगशाळा परिचर आहे का, हे विचारा; नसेल तर ती जागा भरण्याचा ठराव आजच्या मेळाव्यात करा. आणि प्राध्यापक मित्रांनो, तासिका शिक्षकाचे कलम या वेळी मागणीपत्रात पहिले लिहा. ते गळू लागले, तर निदान या खेपेला आपण गप्प बसू नये.